गेज लावला तिथे सगळं बरोबर

चऱ्होलीहून चाकणला शिफ्टला जाणाऱ्या माणसाला ऑडिट म्हणजे काय ते समजावून सांगावं लागत नाही. ऑडिटर येणार म्हटलं की चार दिवस आधीपासून शॉपफ्लोअर चकाचक होतो, पिवळे पट्टे नव्याने मारले जातात, गेजवरचे कॅलिब्रेशनचे स्टिकर बघितले जातात. त्या दिवशी लाइन जशी चालते तशी एरवी चालतेच असं नाही. मोटार रेसिंगमधली लबाडी समजून घ्यायची तर एवढं ध्यानात ठेवलं तरी निम्मं काम झालं. या खेळातले बहुतेक गैरप्रकार नियम उघड उघड मोडण्याचे नसतात. तपासणीच्या वेळी गाडी नियमात बसवायची आणि बाकीचा वेळ तिला मोकळं सोडायचं, एवढाच तो उद्योग असतो.

राहिलेला थोडा भाग मात्र वेगळ्या जातीचा आहे. त्यात गाडी निर्दोष असते, शर्यतच ठरवून घडवलेली असते. तिथे वजनकाटा, सेन्सर, कॅमेरा यांतलं काहीही एकट्याने पुरत नाही.

मुळात शर्यत ‘ठरवता’ येते कशी? आपल्या भागातल्या बैलगाडा घाटात ते अवघड आहे. भोसरी, चिखली, चऱ्होली, आळंदीपासून पुढे खेड-मंचरपर्यंतच्या घाटांत प्रत्येक गाडा एकटा पळतो. बारी आली, गाडा सुटला, झेंडा पडला, घड्याळाने सेकंद सांगितले, विषय संपला. भांडणं होतात ती घड्याळावरून, झेंड्यावरून, नंबर कसे लागले यावरून. २०२२च्या मे महिन्यात चिखलीच्या जाधववाडीत पहिलं बक्षीस जेसीबीचं होतं. एवढं पणाला लागल्यावर सेकंदाच्या शंभराव्या भागावरूनही वाद होणारच. पण एका गाड्याने दुसऱ्याला वाट करून द्यावी किंवा तिसऱ्याची अडवावी, हे तिथे घडू शकत नाही, कारण घाटात दुसरा गाडा नसतोच.

फॉर्म्युला वनमध्ये वीसएक गाड्या एकाच वेळी ट्रॅकवर असतात आणि प्रत्येक टीमच्या दोन. एकाच मालकाच्या दोन गाड्या एकाच शर्यतीत, इथेच सगळ्या वादांचं मूळ आहे. एक गाडी दुसरीला पुढे जाऊ देऊ शकते, मागच्याला रोखून धरू शकते, आणि अगदी टोकाला गेलं तर स्वतः भिंतीवर आदळून शर्यतीचं चित्र पालटू शकते. तिथे आपण येऊच. आधी यंत्राची लबाडी.

शर्यत संपली की गाड्या एका बंदिस्त जागेत नेतात. तिला पार्क फर्मे म्हणतात. तिथे टीमच्या माणसाला गाडीला हात लावायची मुभा नसते. एफआयए या जागतिक संघटनेचे तपासनीस गाडीचं वजन करतात, इंधनाचा नमुना घेतात, मापं तपासतात. म्हणजे मोजणी मुख्यतः शर्यतीनंतर होते, हे सगळ्यांना आधीपासून ठाऊक असतं. मग टीममधला हुशार इंजिनिअर काय विचार करणार? शर्यतभर गाडी हलकी पळवायची आणि वजनकाट्यावर जाईपर्यंत ती जड करायची.

१९८४ साली टिरेल टीमवर नेमका हाच आरोप आला. टर्बो इंजिनवाल्यांच्या गर्दीत त्यांचं साधं कॉसवर्थ इंजिन कमी पडत होतं. त्यांच्या गाडीत पाण्याची एक टाकी होती, इंजिनात पाण्याचा फवारा मारण्यासाठी. शर्यत संपत आली की गाडी पिटमध्ये यायची आणि टाकीत दाबाखाली पाणी भरलं जायचं. त्या पाण्यात शिशाचे छर्रे असायचे. हलकी पळालेली गाडी काट्यावर जाताना नियमाप्रमाणे ५४० किलोच्या वर. डेट्रॉइटच्या शर्यतीत मार्टिन ब्रंडल दुसरा आला, टाकीतल्या पाण्याचा नमुना घेतला गेला आणि प्रकरण उघड्यावर आलं. टीमचे त्या वर्षीचे सगळे गुण गेले आणि तिला स्पर्धेबाहेर काढलं गेलं. यात एक गोम आहे. इंधनाच्या नियमात बदल करायला टर्बोवाल्या टीमना सर्वांची संमती हवी होती आणि टिरेल आडवा आला होता. टिरेल बाहेर गेल्यावर संमतीची अडचण उरली नाही. शिक्षा गुन्ह्यासाठी झाली की मतासाठी, यावर जुने लोक अजून वाद घालतात. मला विचाराल तर दोन्हीसाठी झाली.

टिरेलने काही नवा शोध लावला नव्हता. दोनच वर्षं आधी, १९८२च्या ब्राझील ग्रांप्रीत, ब्रेक थंड करायला म्हणून नेलेलं पाणी वाटेत सांडून टाकायचं आणि शर्यत संपल्यावर टाकी पुन्हा भरून वजन करायचं, अशी युक्ती होती. पहिला आणि दुसरा, दोघेही बाद झाले. बाद झालेला विजेता होता नेल्सन पिके. हे आडनाव लक्षात ठेवा.

वजनाचाच खेळ २००५ साली पुन्हा दिसला. इमोलाच्या शर्यतीत बीएआर टीमचा जेन्सन बटन तिसरा आला. काट्यावर गाडी भरली ६०६ किलो, मर्यादा ६००ची. सगळं ठीक. पण तपासनिसांनी इंधन पूर्ण काढायला सांगितलं, तेव्हा मुख्य टाकीच्या आत आणखी एक कप्पा सापडला आणि तो रिकामा केल्यावर वजन ५९४.६ किलोवर आलं. आमच्या इंजिनाला चालायलाच एवढं किमान इंधन लागतं, असं टीमचं म्हणणं. अपील कोर्टाने जाणूनबुजून फसवणूक केल्याचा ठपका ठेवला नाही, पण निष्काळजीपणाबद्दल दोन शर्यतींची बंदी घातली.

या सगळ्यांत कारागिरीच्या दृष्टीने माझ्या मते पहिला नंबर टोयोटाचा. ही गोष्ट रॅलीची, १९९५ची. टूल रूममध्ये काम केलेल्या माणसाने ही जरूर सावकाश वाचावी.

रॅलीच्या गाड्यांची ताकद आटोक्यात राहावी म्हणून टर्बोच्या तोंडाशी ३४ मिलिमीटर व्यासाची एक रिंग बसवावी लागत असे. तिला रिस्ट्रिक्टर म्हणतात. इंजिनाला जी काही हवा मिळेल ती याच भोकातून. हवा मोजून मिळाली की ताकदही मोजूनच. तपासनीस काय करणार? होज काढणार, रिंगचा व्यास मोजणार, ती टर्बोपासून किती अंतरावर आहे ते पाहणार, सील तपासणार. टोयोटाच्या सेलिकामध्ये या तिन्ही गोष्टी बरोबर असायच्या. मग गफलत कुठे होती? होजच्या क्लॅम्पमध्ये. विशिष्ट अवजाराने क्लॅम्प आवळला की आतल्या स्प्रिंगांमुळे रिस्ट्रिक्टर सुमारे पाच मिलिमीटर पुढे सरकायचा आणि रिंगच्या बाजूने हवेला चोरवाट खुली व्हायची. हवा भोकातूनही जायची आणि भोकाला वळसा घालूनही. तपासणीसाठी क्लॅम्प सैल केला की स्प्रिंग परत जागेवर, चोरवाट बंद, रिंग नियमात. म्हणजे तपासण्यासाठी उघडणं हीच पुरावा मिटवण्याची कृती होती. कॅटालुन्या रॅलीत हे सापडलं तेव्हा एफआयएचे अध्यक्ष मॅक्स मोझली यांनीही त्या डोकॅलिटीचं कौतुक लपवलं नाही. कौतुक केलं आणि टीमला वर्षभरासाठी बाहेर काढलं, गुण सगळे काढून घेतले.

यंत्रं सुधारली तशी मोजणीही बदलली. २०१४मध्ये फॉर्म्युला वनमध्ये इंजिनाला तासाला जास्तीत जास्त १०० किलो या वेगानेच इंधन मिळेल अशी मर्यादा आली आणि त्यासाठी गाडीत फ्लो मीटर बसवला गेला. म्हणजे मोजणी आता शर्यत चालू असतानाच होते. पण मीटर अखंड बघत नाही, ठरावीक अंतराने वाचन घेतो. दोन वाचनांच्या मधल्या क्षणी जास्त इंधन सोडलं तर? २०१९ साली फेरारी सरळ रस्त्यावर ज्या वेगाने पळत होती त्यावरून प्रतिस्पर्ध्यांना अशीच काहीतरी शंका होती. एफआयएने चौकशी केली आणि २०२०च्या फेब्रुवारीअखेर फेरारीबरोबर गुप्त समझोता जाहीर केला. संशय पूर्ण फिटला नव्हता, पण सिद्ध करता येईल एवढा पुरावाही नव्हता. फेरारीचं इंजिन न वापरणाऱ्या सात टीमनी यावर जाहीर नाराजी नोंदवली. फेरारीने नियम मोडल्याचं कधी मान्य केलं नाही. त्या वर्षीपासून गाड्यांत दुसरा फ्लो सेन्सर बसवला गेला आणि २०२०च्या मोसमात फेरारी सहाव्या क्रमांकावर घसरली. वाचकाने हवा तो अर्थ काढावा.

आता तर पैसाही मोजला जातो. २०२१पासून टीमने वर्षाला किती खर्च करायचा याला मर्यादा आली आणि पहिल्याच वर्षी रेड बुलने ती १.६ टक्क्यांनी ओलांडल्याचं निष्पन्न झालं. दंड ७० लाख डॉलर, शिवाय विंड टनेलच्या वापरात कपात. वादातल्या रकमांमध्ये कँटीनचा खर्चही होता. जगज्जेत्या ड्रायव्हरच्या टीमचा कागद जेवणाच्या बिलावर अडकतो, हे चाकणच्या कुठल्याही अकाउंट्सवाल्याला पटेल.

मोजणीची ही गोष्ट रेसिंगपुरती नाही आणि परक्या देशातलीही नाही. चाकणच्या ज्या कारखान्यात फोक्सवागन पोलो तयार व्हायची, त्याच कंपनीचं डिझेल प्रकरण २०१५च्या सप्टेंबरमध्ये अमेरिकेत फुटलं. लॅबमध्ये रोलरवर गाडी ठेवून ठरावीक क्रमाने वेग वाढवतात-कमी करतात, तेव्हा स्टीअरिंग हलत नाही. एवढ्यावरून सॉफ्टवेअर ओळखायचं की आपली परीक्षा चालू आहे, आणि तेवढ्यापुरता धूर साफ ठेवायचं. भारतात पुण्याच्या एआरएआय या वाहन-संशोधन संस्थेने गाड्या रस्त्यावर नेऊन तपासल्या, तेव्हा आकडे मर्यादेच्या १.१ ते २.६ पट निघाले. कंपनीने डिसेंबर २०१५मध्ये ३ लाख २३ हजार ७०० गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलावल्या, मात्र इथे नियमभंग झाल्याचं मान्य केलं नाही. रस्त्यावरची चाचणी तेव्हाच्या भारतीय नियमांत नव्हतीच, हा तिचा मुद्दा. हरित लवादाने २०१९च्या मार्चमध्ये ५०० कोटींचा दंड लावला, पुढे सर्वोच्च न्यायालयाने वसुलीच्या कारवाईला स्थगिती दिली. १ एप्रिल २०२३पासून मात्र आपल्याकडेही नव्या गाड्यांना रस्त्यावरची धूरचाचणी लागू झाली. टोयोटाच्या रिंगपासून इथपर्यंत धडा तोच: गाडी जिथे पळते तिथेच मोजा.

याच पोलोची एक बरी बाजूही सांगायला हवी. २०१०पासून भारतात पोलो कप सुरू झाला. सगळ्यांना एकसारख्या गाड्या, त्या तयार करणारे आणि सांभाळणारे हात एकाच ठिकाणचे. इंजिनाशी खेळायची संधीच स्पर्धकाच्या हातात ठेवायची नाही, हा लबाडीवरचा सर्वांत स्वस्त उतारा. अशा शर्यतीत ड्रायव्हर कसा आहे तेच कळतं. फॉर्म्युला वनला हे परवडत नाही, कारण तिथे गाडी कोणी चांगली बनवली हीच अर्धी स्पर्धा असते.

आता दुसरा प्रकार. २८ सप्टेंबर २००८, सिंगापूर. फॉर्म्युला वनची रात्री झालेली पहिली शर्यत. रेनॉ टीमचा फर्नांडो अलोन्सो पंधराव्या जागेवरून निघणार होता. गल्लीबोळांच्या त्या ट्रॅकवर पुढच्याला ओलांडणं जवळपास अशक्य. टीमचा दुसरा ड्रायव्हर होता नेल्सन पिके ज्युनिअर, १९८२ला बाद झालेल्या त्याच पिकेचा मुलगा. त्याचा मोसम वाईट चालला होता आणि पुढच्या वर्षीचा करार हातात नव्हता.

डाव समजायला तेव्हाचा एक नियम माहीत हवा. अपघात झाला की ट्रॅकवर सेफ्टी कार येते, सगळ्या गाड्या तिच्या मागे हळूहळू रांगेत चालतात. त्या काळात शर्यतीच्या मध्ये इंधन भरावं लागे, आणि सेफ्टी कार आल्याबरोबर पिटचा रस्ता काही वेळ बंद होत असे. म्हणजे सेफ्टी कार येण्याच्या जरा आधी ज्याने इंधन भरून घेतलंय त्याची चांदी. बाकी सगळे नंतर एकामागोमाग पिटमध्ये जाणार आणि तो आपोआप पुढे सरकणार. ज्यांचं इंधन संपत आलंय त्यांनी बंद पिटमध्ये शिरायचं आणि दंड भोगायचा.

अलोन्सोला कमी इंधन देऊन सोडलं गेलं. पंधराव्या जागेवरून निघणाऱ्यासाठी हे विचित्र होतं. बाराव्या फेरीला तो पिटमध्ये आला, सगळ्यांच्या आधी. दोनच फेऱ्यांनी सतराव्या वळणावर पिके भिंतीवर आदळला. जागाही नेमकी निवडलेली होती, कारण त्या वळणाजवळ गाडी उचलायला क्रेन नव्हती, त्यामुळे सेफ्टी कार येणं अटळ होतं. अलोन्सो जिंकला. त्या रात्री लोक हसले, नशीब म्हणाले. काहींनी भुवया उंचावल्या. पण भुवया म्हणजे पुरावा नव्हे.

पुरावा तर होता, टीमच्याच संगणकात. गाडीतला प्रत्येक पेडल किती दाबला गेला याची नोंद, म्हणजे टेलिमेट्री, साठवली जाते. मागची चाकं घसरायला लागली की कुठलाही ड्रायव्हर पाय उचलतो. पिकेच्या नोंदीत अ‍ॅक्सिलरेटर त्याच क्षणी दाबलेला दिसतो. पण ही रेघ एकटी बोलत नाही. ड्रायव्हर घाबरला, चुकला, असं म्हणायला वाव राहतोच. ती बोलायला लागते एखाद्या माणसाने तोंड उघडल्यावर. थोरल्या पिकेने त्याच वर्षी एफआयएचे चार्ली व्हायटिंग यांच्या कानावर हे घातलं होतं, तरी काही हललं नाही. हललं ते २००९च्या उन्हाळ्यात, धाकट्याची नोकरी गेली तेव्हा. त्याने लेखी जबाब दिला: टीमप्रमुख फ्लाव्हिओ ब्रियातोरे आणि इंजिनिअरिंगचे प्रमुख पॅट सायमंड्स यांनी हे करायला सांगितलं, आणि सायमंड्सने नकाशावर जागाही दाखवली. त्याला जोड मिळाली टीममधल्याच एका माणसाच्या साक्षीची. त्याचं नाव गुप्त ठेवून त्याला ‘व्हिटनेस एक्स’ म्हटलं गेलं. ब्रियातोरेंनी आरोप नाकारले. रेनॉने मात्र ते लढवायचं टाळलं आणि ब्रियातोरे व सायमंड्स दोघांनीही टीम सोडली.

या खेळातली मोठी प्रकरणं बघा, बहुतेक वेळा फुटतात ती अशीच, माणसामुळे. २००७ साली फेरारीचे सुमारे ७८० पानांचे गुप्त कागद मॅक्लारेनच्या एका वरिष्ठ डिझायनरकडे पोचले होते. ते पकडले कुठल्या गुप्तहेराने? त्याची बायको कागदांच्या प्रती काढायला गावातल्या झेरॉक्सच्या दुकानात गेली आणि दुकानातल्या माणसाने फेरारीला ईमेल केला. मॅक्लारेनला दंड झाला १० कोटी डॉलर.

मग टीमने आपल्याच ड्रायव्हरला ‘बाजूला हो’ सांगणं ही लबाडी आहे का? २००२च्या ऑस्ट्रियात फेरारीच्या बारिकेलोने अंतिम रेषेच्या तोंडावर आपल्याच टीमच्या शुमाकरला विजय देऊन टाकला, प्रेक्षकांनी हुर्यो उडवली, आणि पुढच्या मोसमापासून अशा आदेशांवर बंदी आली. बंदीने आदेश थांबले नाहीत, सांकेतिक झाले. २०१०च्या जर्मनीत फेरारीने आपल्या फेलिपे मासाला रेडिओवर एवढंच कळवलं की फर्नांडो, म्हणजे तेव्हा फेरारीत असलेला अलोन्सो, तुझ्यापेक्षा वेगात आहे. मासा समजला. एक लाख डॉलर दंड झाला आणि २०११पासून बंदीच उठवली गेली. ते बरं झालं. एका घरातली देवाणघेवाण प्रेक्षकाला आवडो न आवडो, ती डोळ्यांसमोर होते. सिंगापूरमध्ये गंडवले गेले ते इतर नऊ टीमचे ड्रायव्हर, ज्यांना आपण कोणत्या खेळात उतरलोय हेच माहीत नव्हतं. शिवाय भिंतीवर मुद्दाम गाडी घालताना तिथले मार्शल, प्रेक्षक यांचे जीव पणाला लागले. दोन्हींना एकच शब्द लावू नये.

शिक्षांचं काय झालं तेही सांगतो. रेनॉला दोन वर्षं स्थगित ठेवलेली हकालपट्टी, म्हणजे प्रत्यक्षात काही नाही. ब्रियातोरेंना कायमची बंदी, सायमंड्सना पाच वर्षांची. जानेवारी २०१०मध्ये पॅरिसच्या कोर्टाने कार्यपद्धतीच्या चुका काढून दोन्ही बंद्या उठवल्या. सायमंड्स पुढे फॉर्म्युला वन कंपनीचेच मुख्य तांत्रिक अधिकारी झाले. ब्रियातोरे २०२४मध्ये अल्पिन टीमचे सल्लागार म्हणून परतले, आणि अल्पिन म्हणजे नाव बदललेली रेनॉच. कबुलीच्या बदल्यात अभय मिळालेला पिके फॉर्म्युला ईच्या पहिल्या मोसमाचा विजेता ठरला. अलोन्सोला काही माहीत असल्याचा पुरावा चौकशीत मिळाला नाही.

सिंगापूरच्या त्या रात्री अपघाताआधी सगळ्यांच्या पुढे होता फेरारीचा हाच फेलिपे मासा. सेफ्टी कारनंतरच्या गर्दीत तो इंधनाची नळी गाडीला अडकलेली असतानाच पिटमधून सुटला, तेरावा आला आणि त्याला शून्य गुण मिळाले. नळीची चूक त्याच्या टीमची, त्यामुळे सगळा दोष रेनॉवर टाकता येत नाही. पण ती घाई पिकेच्या अपघाताने ओढवली होती, हेही खरं. वर्षाअखेरीस मॅक्लारेनच्या हॅमिल्टनचे ९८ गुण झाले आणि मासाचे ९७; अजिंक्यपद एका गुणाने हुकलं. तत्कालीन सर्वेसर्वा बर्नी एक्लस्टन यांनी २०२३मध्ये, आम्हाला २००८ सालीच कळलं होतं, अशा अर्थाचं विधान केलं, तेव्हा मासाने कोर्टाची वाट धरली आणि २०२४मध्ये लंडनच्या हायकोर्टात दावा दाखल केला. मोसमाचा बक्षीस समारंभ झाला की त्या वर्षाचे निकाल बदलायचे नाहीत, असा या खेळाचा नियम आहे. त्यामुळे सिंगापूर २००८च्या विजेत्याच्या रकान्यात आजही अलोन्सोचंच नाव आहे.